शेऱ्याचा रकाना

बाईंनी फडके पिळून रजिस्टरच्या पाठीवरून फिरवले, तेव्हा धुळीखालून आधी लाल कापड आणि मग डॉक्टरांचे अक्षर वर आले: ‘कमी वजनाची बाळे, भाग दोन’. अशी तीन रजिस्टरे जेवणाच्या टेबलावर एकावर एक रचली होती आणि त्यांच्या पलीकडे, लॅपटॉपच्या आडून, मिरीचे फक्त कपाळ दिसत होते.

“चौदा निबंध झाले,” मिरी म्हणाली. “बाबा, पंधरावा कुठला?”

“कावीळ. नवजात बाळांची कावीळ. तो राहू दे, फारसा कुणी वाचला नाही तो.”

“नऊ ठिकाणी उल्लेख आहे त्याचा, नऊ सायटेशन्स.”

“त्यातली तीन माझीच.”

“अहो, चोरी तर नाही ना केलीत? लिही गं नऊ,” बाईंनी नवऱ्याला आणि लेकीला एका दमात सांगितले.

मिरीने नऊ लिहिले. डॉक्टर खुर्चीच्या अगदी कडेला बसले होते, तपासून घ्यायला आलेली माणसे बसतात तसे. शेजारी चाळीस वर्षांतल्या शोधनिबंधांची चळत होती आणि एकेक निबंध ते अशा संकोचाने पुढे सरकवत होते, की जणू दुसऱ्याच्या घरातली वस्तू आपल्या पिशवीत सापडली आहे.

निवृत्तीनंतर रुग्णालयाने त्यांना मानद संशोधक म्हणून जिन्याखालची एक खोली दिली होती. खोली कसली, कोनाडाच. एक वजनकाटा, उंची मोजायची पट्टी, एक कपाट आणि दोन खुर्च्या. पण दर गुरुवारी तिथे माणसे येत. कुणी ट्रक चालवणारा, कुणी शाळेतली शिक्षिका, कुणी दोन पोरांची आई. जन्मले तेव्हा हे सगळे दीड किलोच्या आतले, डॉक्टरांच्या वॉर्डातल्या काचपेट्यांमधले. डॉक्टर त्यांची उंची, वजन, रक्तदाब लिहून घेत, झोप लागते का विचारत आणि वहीत टिपत. इतक्या लहान जन्मलेल्यांचे पुढे काय होते, हे त्यांना शेवटपर्यंत पाहायचे होते. अजून तीन वर्षांचे काम उरले होते.

आणि आता नवा नियम आला होता. ज्यांच्या निबंधांचा उल्लेख इतरांच्या निबंधांत मिळून पाचशे वेळा झाला असेल, त्यांनाच खोली. बाकीच्यांनी महिनाअखेर कपाट रिकामे करायचे. रजिस्टरे डॉक्टरांनी आधीच घरी आणून ठेवली होती. त्यांना स्वतःबद्दल नेहमी वाईटाचीच खात्री असे. अर्ज आज संध्याकाळी पाचला बंद होणार होता.

बाईंना उल्लेखांशी काही देणेघेणे नव्हते. त्यांना गुरुवारशी होते. गुरुवारी हा माणूस सकाळी सहाला दाढी करून तयार असे. गुरुवार गेला तर तो घरात वर्तमानपत्रांच्या घड्या घालत बसेल आणि बघता बघता सुकून जाईल, हे बाईंना स्वच्छ दिसत होते.

“सोळा, सतरा, अठरा,” मिरी पुटपुटत गेली. “एकोणीस.” आणि थांबली.

“तो नको,” डॉक्टर म्हणाले.

“तो धरला नाही तर सगळी बेरीज दोनशे तीन होते, बाबा.”

“मग दोनशे तीन लिही.”

“आणि खोली?”

डॉक्टरांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला आणि परत घातला. चष्मा स्वच्छच होता.

“किती आहेत गं त्या एकोणिसाव्याला?” बाईंनी विचारले.

“सहाशे बारा.”

“सहाशे बारा! आणि तो नको?” बाईंनी फडके आपटले. तीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवल्यामुळे त्यांना सगळे जग बाई म्हणत असे आणि त्याही सगळ्या जगाला तिसरी-चौथीत धरत. “माझी पोरं पैकीच्या पैकी मार्क मिळाले की प्रगतिपुस्तक फडकवत पळत सुटायची. तुम्ही दप्तरात लपवताय!”

“आई, त्यातले एकशे बावन्न सोड. उरलेले चारशे साठ, बाबांचं चुकलं असं सांगणारे आहेत.”

“म्हणजे? नावं ठेवणाऱ्यांनाही मोजतात?”

“मोजतात. नाव घेतलं की एक.”

“मग आपल्या वरच्या मजल्यावरच्या काकूंचा आकडा हजारात जाईल.”

मिरी खुदकन हसली. डॉक्टरही हसले, पण हसू मिशीपर्यंत येऊन परत गेले.

एकोणिसाव्या निबंधात काय होते, हे त्या घरात तिघांनाही ठाऊक होते. फक्त त्याच्याबद्दल कुणी बोलत नसे. अडतीस वर्षांपूर्वी डॉक्टरांनी दोनशेवर बाळांच्या नोंदी ठेवून असा निष्कर्ष काढला होता, की कमी वजनाच्या बाळाला पहिले तीन आठवडे काचपेटीबाहेर काढू नये. कुणीही नाही, आईनेसुद्धा नाही. जेवढे हात कमी लागतील तेवढे बाळ सुखरूप. लहानसा, चार पानांचा निबंध. पण तो दूरदूर गेला आणि कितीतरी वॉर्डांनी तो नियम उचलला. मग सहा वर्षांपूर्वी मिरीने, म्हणजे त्यांच्याच लेकीने, नवजात बाळांचीच डॉक्टर होऊन, दोन रुग्णालयांतल्या चारशे बाळांवरून नेमके उलटे दाखवून दिले: आईच्या छातीशी ठेवलेले बाळ लवकर वाढते. तिच्या निबंधाखालच्या संदर्भांच्या यादीत पहिला क्रमांक बापाचा होता. तो छापून आला त्या दिवशी डॉक्टरांनी तो तीनदा वाचला, दुसऱ्या तक्त्यातली दशांशचिन्हाची एक चूक दाखवली आणि संध्याकाळी घरी येताना तिच्यासाठी शाईचे पेन आणले.

“आकडा खोटा आहे का?” बाईंनी आता विचारले.

“नाही.”

“मग लिहा आणि मोकळे व्हा की!”

“रकान्यात नुसता आकडा जातो. शेरा लिहायला जागाच नाही.” डॉक्टरांनी लॅपटॉपकडे असे पाहिले, की जणू त्यात कुणी ओळखीचे माणूस बसले आहे. “एक पान वेगळं जोडलं तर? त्यात लिहायचं, की यातले चारशे साठ उल्लेख निष्कर्ष खोडणारे आहेत, ते धरू नयेत.”

“जोडता येतं,” मिरी म्हणाली. “पण कार्यालयातल्या साहेबांनी मला बजावलंय, बाबांना सांगा, आकडे द्या, निबंध नको. आणि तुम्हीच धरू नका म्हणालात, तर ते कशाला धरतील? त्यांना तर खोली हवीच आहे कुणासाठी तरी.”

“तुझं काय म्हणणं?”

मिरी बोटाने टेबलावरचा एक ओला ठिपका पसरवत राहिली.

“माझं म्हणणं ऐका,” बाई म्हणाल्या. “लोकांनी नाव घेतलं, त्यांनी मोजलं, तुम्ही सांगितलं. तुमच्या पदरचं त्यात काही नाही. नको तिथे इतका खरेपणा कशाला?”

“त्या आकड्यात...” डॉक्टर उठले आणि खुर्ची आत सरकवली. “पहिल्या दीडशे जणांनी तो नियम मानला. एकेका वॉर्डात किती आया काचेबाहेर उभ्या राहिल्या असतील, ते कुणी मोजलेलं नाही.”

एवढे बोलून ते गॅलरीत गेले. थोड्या वेळाने वर्तमानपत्राची घडी घातल्याचा आवाज आला. तेवढ्यात मिरीला वॉर्डातून फोन आला आणि तीही आतल्या खोलीत गेली.

बाई फडके हातात धरून बसून राहिल्या. काचेबाहेर उभ्या राहिलेल्या आया. त्यांतली एक ही इथे बसली आहे, हे या माणसाला बोलताना आठवले असेल का?

मिरी साडेसात महिन्यांची जन्मली होती. बाराशे चाळीस ग्रॅम. म्हणून तर ती मिरी. डॉक्टरांच्याच वॉर्डात, डॉक्टरांच्याच नियमात. सगळे म्हणत होते, केवढे नशीब, घरचाच डॉक्टर. पहिले दोन दिवस बाई काचेला कपाळ टेकून उभ्या राहिल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी तीनला डॉक्टर चहाला जातो म्हणून वॉर्डाबाहेर पडले आणि मोठ्या सिस्टर आल्या. वॉर्डात त्यांचाच शब्द शेवटचा, म्हणून त्या मोठ्या. त्यांनी दार लोटले, पडदा ओढला, बाईंना भिंतीशी खुर्चीत बसवले आणि पेटी उघडून ते चिमूटभर बाळ बाईंच्या उघड्या छातीवर ठेवले. वरून चादर टाकली.

“सिस्टर, यांना कळलं तर?”

“डॉक्टर चहाला गेलेत. त्यांना काय कळतंय! तुम्ही हलू नका फक्त.”

वजन असे काही जाणवतच नव्हते. फक्त गळ्याच्या खळगीपाशी एक श्वास, येणारा आणि जाणारा. पावणेचारला सिस्टरांनी बाळ परत नेले. असे सतरा दिवस.

बाईंनी त्याबद्दल कधी ब्रही काढला नाही. सिस्टरांना शब्द दिला होता, आणि खरे सांगायचे तर त्यात थोडी मजाही होती. डॉक्टर कधी घरात फार शास्त्र सांगू लागले, की बाई मनात म्हणत, बसा, तुमच्या नाकावर टिच्चून सतरा दिवस बसले होते मी. हा हुकमाचा एक्का त्यांनी अडतीस वर्षे हातात ठेवला होता. सिस्टर निवृत्त झाल्या त्या समारंभात डॉक्टरांना बोलायला उभे केले. माईक पाहिला की त्यांची बोबडी वळे. ते एकच वाक्य बोलले होते: “सिस्टरांनी माझं पुष्कळ ऐकलं, आणि जे ऐकलं नाही त्याबद्दल त्यांचे विशेष आभार.” सभा हसली होती. बाईंनीही हसून सिस्टरांना कोपराने ढोसले होते. सिस्टर मात्र खाली बघत आपल्या घड्याळाचा पट्टा सारखा करत राहिल्या होत्या. त्यांना जाऊनही आता पाच वर्षे झाली.

पाने कसरीने खाल्ली आहेत का ते पाहावे, म्हणून बाईंनी भाग दोन उघडला. पाने शाबूत होती. तारीख, वजन, ताप, दूध, शेरा, असे पाच रकाने, आणि डॉक्टरांचे ते मुंगीसारखे सरळ रांगेत चालणारे अक्षर. पाने उलटता उलटता एका तारखेवर त्यांचे बोट थबकले. ती तारीख त्या झोपेतही विसरल्या नसत्या.

अनुक्रमांक एक्याण्णव. मुलगी. १२४० ग्रॅम.

पहिल्या दोन दिवसांचा शेऱ्याचा रकाना कोरा होता. तिसऱ्या दिवसापुढे लिहिले होते: ‘३.०५ ते ३.४५ आईच्या छातीशी. नियमभंग.’

बाईंनी चष्मा वर सरकवला. पुन्हा वाचले.

‘३.०५ ते ३.४५ आईच्या छातीशी. नियमभंग. बाळ शांत.’ ‘३.१० ते ३.३० आईच्या छातीशी. आईला खोकला, म्हणून लवकर परत. नियमभंग.’ ‘३.०५ ते ३.५० आईच्या छातीशी. आई गुणगुणत होती. नियमभंग.’ सतरा दिवस, सतरा ओळी. एकही चुकलेली नव्हती. कुणी परवानगी दिली, ते कुठेच लिहिलेले नव्हते. वजनाच्या रकान्यातले आकडे आधी थोडे उतरले होते आणि मग एकेका ओळीने वर चढत गेले होते. सगळ्यात खाली लाल शाईने आडवे लिहिले होते: ‘नियम पाळला गेला नाही. अभ्यासातून वगळले.’

ओले फडके पानावर टेकणार होते. बाईंनी ते उचलून मांडीवर ठेवले. साडी भिजली तरी त्यांना कळले नाही.

दुपारचा चहा. या माणसाने लग्नानंतर एकदाही दुपारचा चहा घेतलेला नव्हता. पित्त होते म्हणून. आणि आपल्याला अडतीस वर्षांत हा साधा प्रश्न पडला नाही, की मग तो वॉर्डात रोज तीनला कुठला चहा प्यायला जात होता?

मिरी फोन संपवून आली आणि उघड्या पानाकडे पाहून दारातच थांबली.

“तुला माहीत होतं?” बाईंनी विचारले.

मिरी शेजारी येऊन बसली. “सात वर्षं झाली. माझ्या कामासाठी रजिस्टरं चाळत होते, तेव्हा सापडलं. माझी तारीख, माझं वजन. अशी अकरा बाळं आहेत, आई. मोठ्या सिस्टरांचीच करामत. बाबांनी सगळी टिपलीत आणि सगळी वगळलीत. आणि अकराच्या अकरा इतरांपेक्षा लवकर वाढलीत. मी तिथूनच तर सुरुवात केली.”

“मग मला का नाही बोललीस?”

“तू तरी मला कुठे बोललीस?”

बाईंनी लेकीच्या डोक्यावर उगीच एक टपली मारली आणि उठून स्वयंपाकघरात गेल्या.

त्यांनी तीन कप चहा केला. एक मिरीपुढे ठेवला. एक घेऊन, रजिस्टर काखेत मारून, त्या गॅलरीत गेल्या आणि डॉक्टरांसमोरच्या स्टुलावर कप ठेवला.

“मला? मी दुपारचा कुठे घेतो?”

“घेत होतात की. सतरा दिवस. तीन ते पावणेचार.”

डॉक्टरांनी आधी बाईंकडे पाहिले, मग काखेतल्या लाल पाठीकडे. घडी घातलेले वर्तमानपत्र त्यांनी उलगडले आणि पुन्हा तसेच घातले. खाली रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटा वाजवत गेले.

“चादरींची खोली होती ना शेजारी,” ते शेवटी म्हणाले. “भिंतीला वर जाळी होती.”

“जाळी चांगली उंच होती. स्टुलावर चढायचात?”

“स्टूल नव्हतं तिथे. बादली पालथी घालायचो.”

“सतरा दिवस बादलीवर?”

“घड्याळ दिसायचं तिथून,” डॉक्टर म्हणाले, जणू सगळा खुलासा त्यातच होता.

बाईंना हसू आले आणि हसता हसता त्यांनी पदर डोळ्यांना लावला. “सिस्टरांना ठाऊक होतं?”

“पहिल्याच दिवशी त्या चादर घ्यायला आत आल्या. मी बादलीवर. काही बोलल्या नाहीत. चादर घेतली, दार ओढून घेतलं.” त्यांनी कप थोडा जवळ ओढला. “तू तिला घेऊन इतकी खूश असायचीस. मला माहीत आहे असं कळलं असतं तर बसली नसतीस.”

“आणि मग वगळलंत कशाला पोरीला?”

“नियम मोडला होता.” सवयीने आलेले हे उत्तर त्यांनाच पुरेसे वाटले नसावे. ते कपाच्या कानाशी चाळा करत राहिले. “वजन मीच करायचो तिचं. काटा वर सरकलेला दिसायचा, रोज. मग वाटायचं, बापाला काटा वर सरकलेलाच दिसणार. विश्वासच बसेना.”

“काट्यावर?”

“माझ्यावर. आणि तिला वगळलं, तर बाकीच्या दहांना कुठल्या तोंडानं ठेवायचं? सगळी काढली. ती अकरा जरा नीट पाहिली असती, तर तो निबंध मी लिहिलाच नसता. मिरीचा लिहिला असता. बत्तीस वर्षं आधी.”

बाईंनी नवऱ्याच्या सदऱ्याची कॉलर, जी सरळच होती, ती सरळ केली. मग आत वळून हाक मारली, “मिरी, आकडा घातलास का गं?”

“सहाशे बारा. बाबा हो म्हणाले तर.”

“घाल. आणि ते वेगळं पानही जोड.”

मिरी गॅलरीच्या दाराशी आली. “मघाशी तर तू म्हणत होतीस, लिहा आणि मोकळे व्हा.”

“ते मघाशी. शेरा लिहिल्याशिवाय हा माणूस मोकळा व्हायचा नाही.”

“आणि आई, खोली गेली तर?”

“तर गुरुवारी माणसं इथे येतील. जिना काय, आपल्यालाही आहे. मी वजनं घेईन. माझ्याकडून वशिलेबाजी व्हायची नाही.”

डॉक्टर टेबलापाशी आले. या वेळी खुर्चीत मागे टेकून नीट बसले, आणि शब्द शोधत सांगू लागले. मिरी टाइप करत गेली. एकोणिसाव्या निबंधाच्या सहाशे बारा उल्लेखांपैकी चारशे साठ उल्लेख त्याचा निष्कर्ष खोडणारे आहेत. ते योग्य आहेत. या अभ्यासातून अकरा बाळे वगळली होती. ती वगळायला नको होती.

“त्यांपैकी एक...” डॉक्टर म्हणाले आणि अडले.

मिरीची बोटे वर थांबली. “एक काय, बाबा?”

त्यांनी तिच्याकडे पाहिले. अडतीस वर्षांची, केसांत एखादी रुपेरी रेघ, गळ्यात चष्म्याची दोरी.

“काही नाही. पूर्णविराम दे.”

साडेचारला अर्ज गेला. मिरीने लॅपटॉप मिटला आणि बापाच्या पुढ्यातून भाग दोन ओढून घेऊन वाचत बसली.

बाई कप गोळा करायला गॅलरीत गेल्या. स्टुलावरचा कप रिकामा होता, तळाशी थोडी साखर तेवढी राहिली होती. तो घेऊन त्या मोरीपाशी गेल्या आणि नळ सोडला. कप विसळता विसळता आपण काहीतरी गुणगुणतो आहोत, हे त्यांच्या जरा उशिराच लक्षात आले. मागे स्वयंपाकघराच्या दाराशी कुणीतरी येऊन उभे राहिले होते. बाईंनी वळून पाहिले नाही. नळ मात्र थोडा बारीक केला, आणि गुणगुणणे थांबवले नाही.